फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे जैविक उपप्रकार डेटामधून कसे शोधावेत: सीओपीडीच्या उदाहरणातून एक सविस्तर मार्गदर्शक

सीओपीडी (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, म्हणजे श्वासमार्गात अडथळा आणणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) या एका नावाखाली ज्या रुग्णांची नोंद होते, त्यांना एकत्र आणणारी खूण प्रामुख्याने एका श्वासचाचणीची असते. श्वासनलिका विस्फारणारे औषध दिल्यानंतर रुग्णाने जोर लावून पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचे एकूण सोडलेल्या हवेशी प्रमाण ०.७० पेक्षा कमी भरले, आणि लक्षणे व पूर्वेतिहास त्याला जुळणारे असले, की हे निदान होते. एखाद्या रुग्णात वायुकोशांच्या भिंती नष्ट झालेल्या असतात, दुसऱ्यात श्वासनलिकांच्या भिंती जाड झालेल्या असतात आणि तिसऱ्याच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, परंतु श्वासचाचणीच्या यंत्रावरील, म्हणजे स्पायरोमीटरवरील, आकडा तिघांचाही सारखाच येऊ शकतो. हे भेद डेटाच्या विश्लेषणातून कसे शोधावेत, आणि सापडलेले गट खरे आहेत हे कसे पडताळावे, याची पद्धत या लेखात क्रमाने मांडली आहे. संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख असलेले आणि आर किंवा पायथनमध्ये काम करू शकणारे वैद्यकीय, जैवमाहितीशास्त्राचे व संख्याशास्त्राचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

गट पाडणारी जवळजवळ प्रत्येक संगणकीय पद्धत तिला दिलेल्या कोणत्याही डेटाचे मागाल तितके गट करून देते. त्यामुळे गट मिळणे हा निष्कर्ष नव्हे, आणि या कामातील बहुतेक श्रम गट मिळाल्यानंतरच्या तपासणीवर खर्च व्हायला हवेत.

पहिली पायरी: उपप्रकार कशासाठी हवा आहे हे ठरवणे

बाहेरून दिसणाऱ्या वैशिष्ट्यांवरून पाडलेल्या गटाला फिनोटाइप म्हणतात, तर ज्या गटामागे ठरावीक जैविक यंत्रणा आहे त्याला एंडोटाइप म्हणतात. या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी समोर आणले. काही रुग्णांच्या रक्तातील प्रथिनांच्या आलेखात अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची पट्टी जवळजवळ दिसतच नव्हती, आणि त्यांच्यातील अनेकांना कमी वयातच एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती नष्ट होणे) झालेला होता. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि न्यूट्रोफिल पेशींतून बाहेर पडणाऱ्या इलॅस्टेज या विकरापासून फुप्फुसाचे रक्षण करते. येथे जनुकातील दोष, प्रथिनाची कमतरता, ऊतींची हानी आणि त्यावरचा उपचार ही साखळी पूर्ण जोडता येते.

दुसरे उदाहरण दम्याचे आहे. इंटरल्युकिन-५ रोखणारे मेपोलिझुमॅब हे औषध २००७ च्या चाचणीत इओसिनोफिलची अट न घालता निवडलेल्या दम्याच्या रुग्णांना दिले, तेव्हा स्पष्ट फायदा दिसला नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन लहान चाचण्यांत मात्र इओसिनोफिल वाढलेले तीव्र दम्याचे रुग्णच निवडले होते, आणि त्यांच्यातील झटके कमी झाले. सीओपीडीच्या बाबतीत हेच २०२३ मध्ये घडले. रक्तात दर मायक्रोलिटरमागे किमान ३०० इओसिनोफिल असलेल्या रुग्णांमध्ये ड्युपिलुमॅबमुळे मध्यम व तीव्र झटक्यांचे वार्षिक प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत व युरोपात या औषधाला अशा रुग्णांसाठी मान्यता मिळाली. उपप्रकाराचा शोध कोणत्या दर्जाचा असावा, हे या दोन उदाहरणांवरून ठरवावे.

म्हणून आरंभीच एका परिच्छेदात लिहून ठेवावे की गट कोणत्या मापनांवर पाडले जाणार आहेत, कोणती मापने गट पाडताना मुद्दाम बाजूला ठेवली जाणार आहेत, आणि कोणता निकाल आल्यास उपप्रकार सापडला नाही असे मान्य केले जाईल. हा परिच्छेद डेटा उघडण्यापूर्वी लिहिलेला असेल तरच त्याला अर्थ आहे.

दुसरी पायरी: डेटा निवडणे

या क्षेत्रात दोन मोठे अभ्यास वारंवार समोर येतात. सीओपीडीजीन या अमेरिकी अभ्यासात ४५ ते ८० वर्षे वयाच्या, किमान १० पॅक-वर्षे (रोज एक पाकीट याप्रमाणे एक वर्ष म्हणजे एक पॅक-वर्ष) धूम्रपान केलेल्या दहा हजारांहून अधिक व्यक्तींची श्वासचाचणी, सीटी स्कॅन आणि जनुकीय माहिती गोळा केली आहे. एक्लिप्स हा तीन वर्षांचा अभ्यास बारा देशांत झाला. या अभ्यासांतील व्यक्तिगत पातळीवरची वैद्यकीय माहिती मिळवण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो.

शिकण्यासाठी मात्र जीईओ या जनुक-अभिव्यक्तीच्या डेटाच्या खुल्या संग्रहातून आरंभ करता येतो. त्यातील जीएसई ४७४६० या संचात फुप्फुसाच्या ऊतींमधील जनुकांची अभिव्यक्ती (कोणते जनुक किती सक्रिय आहे याचे मापन) आहे, आणि त्यात सीओपीडीचे २२०, इंटरस्टिशियल फुप्फुसविकाराचे २५४ व तुलनेसाठीचे १०८ नमुने आहेत. जीएसई ७६९२५ मध्ये सीओपीडीचे १११ आणि आजार नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचे ४० नमुने आहेत, तर जीएसई ५७१४८ या कोरियन संचात सीओपीडीच्या ९८ व इतर ९१ व्यक्तींचे आरएनए-सिक्वेन्सिंग आहे. पहिल्या संचात गट शोधावेत आणि उरलेले दोन संच पडताळणीसाठी पूर्णपणे बंद ठेवावेत. गट निश्चित होण्याआधी पडताळणीच्या संचाकडे एकदा जरी डोकावले, तरी पुढचे निर्णय नकळत त्याच्याकडे झुकू लागतात आणि त्याची साक्ष निरुपयोगी होते.

रक्त वापरायचे की ऊती, हा निर्णयही येथेच घ्यावा लागतो. रक्त हजारो रुग्णांकडून आणि पुन्हा पुन्हा घेता येते, परंतु फुप्फुसात जे घडते त्याचा फक्त काही भागच रक्तात उमटतो. ऊती आजाराच्या जागेवरच्या असतात, पण त्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांकडूनच मिळतात, आणि असे रुग्ण सर्वसाधारण रुग्णांचे प्रतिनिधित्व करत नाहीत. त्यांच्यातील कित्येकांची शस्त्रक्रिया फुप्फुसातील गाठीसाठी झालेली असते.

तिसरी पायरी: डेटा स्वच्छ करणे आणि खोट्या गटांची मुळे शोधणे

या पायरीला घाई करू नये, कारण प्रसिद्ध झालेले अनेक आकर्षक गट नंतर येथेच कोसळतात.

सर्वप्रथम नमुन्यांचे प्रिन्सिपल कंपोनंट विश्लेषण (हजारो मापनांतील फरक मोजक्या घटकांत मांडणारी पद्धत) करून पहिल्या दोन-चार घटकांचे आलेख काढावेत, आणि त्यांतील बिंदूंना प्रयोगशाळा, तारीख, चिप, लिंग, वय, धूम्रपानाची स्थिती व आरएनएची गुणवत्ता यांनुसार आळीपाळीने रंग द्यावेत. जीएसई ४७४६० चे नमुने दोन वेगवेगळ्या अ‍ॅजिलेंट चिपवर मोजलेले आहेत. ही बाब दुर्लक्षित ठेवून के-मीन्स ही गट पाडण्याची पद्धत चालवली, तर मिळणारे दोन नीटनेटके गट आजाराचे नसून चिपचे असण्याचा धोका मोठा आहे. मोजणीच्या तुकडीमुळे येणाऱ्या अशा फरकाची, म्हणजे बॅच परिणामाची, दुरुस्ती कॉम्बॅटसारख्या पद्धतीने करता येते, पण एका चिपवर बहुतेक रुग्ण आणि दुसऱ्या चिपवर बहुतेक निरोगी व्यक्ती असतील, तर दुरुस्तीबरोबर आजाराचा संकेतही पुसला जातो. म्हणून दुरुस्तीआधी बॅच आणि निदान यांचा तक्ता करून दोन्ही बाजूंनी पुरेसे नमुने आहेत का हे पाहावे. आरएनए-सिक्वेन्सिंगचा डेटा असेल, तर फार कमी वाचन असलेली जनुके गाळून मोजणीचे लॉगसदृश रूपांतर करावे, नाहीतर अत्यंत सक्रिय अशी मोजकी जनुकेच सगळा निकाल ठरवतात.

त्यानंतर लिंग आणि धूम्रपानाकडे वळावे. एक्सआयएसटी हे स्त्रियांमध्ये सक्रिय असणारे जनुक आणि वाय गुणसूत्रावरील जनुके ठेवली, तर अल्गोरिदम स्त्री-पुरुष वेगळे करतो. रक्ताच्या नमुन्यांत एलआरआरएन३ आणि जीपीआर१५ ही जनुके सध्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ठळकपणे वाढलेली असतात, त्यामुळे आज धूम्रपान करणारा आणि ते सोडलेला रुग्ण वेगळे पडतात आणि तो आजाराचा उपप्रकार आहे असा भास होतो. पोटात घेतलेल्या स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढतात व इओसिनोफिल घटतात, म्हणून औषधांची माहिती उपलब्ध असल्यास ती हाताशी ठेवावी.

ऊतींच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण पेशींच्या प्रमाणाची असते. फुप्फुसाचा तुकडा नेमका कुठून घेतला यावर त्यात किती श्वासनलिका आणि किती वायुकोश आले हे ठरते. फॉक्सजे१ सारखी, श्वासनलिकेच्या अस्तरातील सूक्ष्म केस असलेल्या पेशींची जनुके एका गटात एकत्रितपणे वाढलेली दिसली, तर त्या तुकड्यात एखादी श्वासनलिका आली असण्याची शक्यता आधी तपासावी. याउलट एमएस४ए१ आणि सीएक्ससीएल१३ ही बी-पेशींच्या पुंजक्यांशी निगडित जनुके वाढलेली दिसली, तर त्यामागे खरे जीवशास्त्र असू शकते, कारण आजार तीव्र होत जातो तसे लहान श्वासनलिकांच्या भिंतींत लिम्फॉइड पुंजके वाढतात, हे हॉग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १५९ रुग्णांच्या ऊतींवरून दाखवले आहे. दोन्ही वेळा संगणकाला दिसतो तो जनुकांचा एकत्र वाढलेला समूहच, आणि यातील कोणता नमुना घेण्याच्या पद्धतीमुळे आलेला व कोणता आजाराचा हे सांगायला फुप्फुसाची रचना ओळखणारा माणूस लागतो. त्यामुळे फुप्फुसतज्ज्ञ किंवा विकृतिशास्त्रज्ञ संघात असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एकेका पेशीच्या स्वतंत्र मापनांतून तयार केलेल्या संदर्भसंचाच्या आधारे प्रत्येक नमुन्यातील पेशींच्या प्रमाणाचा अंदाज काढावा, आणि विश्लेषण एकदा त्या प्रमाणांसह व एकदा त्यांचा परिणाम वजा करून, असे दोनदा करावे.

सीटी स्कॅनची मापने वापरणाऱ्यांनाही अशीच काळजी घ्यावी लागते. पूर्ण श्वास घेऊन काढलेल्या स्कॅनमध्ये उणे ९५० हाउन्सफील्ड एककांपेक्षा कमी घनतेचा भाग एम्फिसीमा म्हणून मोजतात, आणि श्वास सोडून काढलेल्या स्कॅनमध्ये उणे ८५६ पेक्षा कमी घनतेचा भाग अडकलेली हवा म्हणून मोजतात. रुग्णाने श्वास किती खोल घेतला आणि यंत्र कोणते होते, यावर हे आकडे हलतात.

चौथी पायरी: मापने निवडणे आणि गट पाडणे

सर्व वीस हजार जनुके वापरण्याऐवजी सर्वाधिक बदलणारी तीन ते पाच हजार जनुके निवडावीत. ही निवड निदान किंवा तीव्रता पाहून करू नये, नाहीतर उत्तर आधीच प्रश्नात घातल्यासारखे होते. मग घटकांची संख्या कमी करून के-मीन्स, श्रेणीबद्ध क्लस्टरिंग किंवा नॉन-निगेटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन यांपैकी किमान दोन पद्धती स्वतंत्रपणे वापराव्यात.

येथे जनुकांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्याचा उपयोग लक्षणीय ठरतो. दोन रुग्णांत वेगवेगळी जनुके बिघडलेली असली, तरी ती एकाच जैविक मार्गातील असू शकतात, आणि सुट्या जनुकांची तुलना करणाऱ्या पद्धतीला हे साम्य दिसत नाही. म्हणून प्रत्येक जनुकाचा संकेत जाळ्यातील शेजारच्या जनुकांवर थोडा पसरवून मग गट पाडतात. एक्लिप्समधील धूम्रपान सोडलेल्या २२९ व्यक्तींच्या रक्तावर ही पद्धत वापरली गेली, तेव्हा मिळालेले गट जाळे न वापरता मिळालेल्या गटांपेक्षा अधिक स्थिर निघाले, फुप्फुसाच्या रचनेशी व कार्याशी त्यांचा संबंध अधिक घट्ट दिसला, आणि सीओपीडीजीनमधील १३५ धूम्रपान करणाऱ्यांत ते पुन्हा आढळले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची मांडणी नवख्या संघाने नमुना म्हणून अभ्यासावी, विशेषतः सध्या धूम्रपान करणाऱ्यांना बाजूला ठेवल्यामुळे शोधाच्या टप्प्यावर वर सांगितलेला धूम्रपानाचा गोंधळ कसा टळतो, यासाठी.

आरएनए, प्रथिने आणि मेटाबोलाइट अशी अनेक थरांची माहिती असल्यास सिमिलॅरिटी नेटवर्क फ्यूजनसारखी पद्धत वापरता येते, परंतु एखाद्या थराचे इतरांवर वर्चस्व होत नाही ना हे कळावे म्हणून आधी प्रत्येक थर एकेकटा पाहून घ्यावा.

पाचवी पायरी: गट किती, आणि मुळात आहेत का

गटांची संख्या ठरवण्यासाठी कन्सेन्सस क्लस्टरिंग करावे. म्हणजे दर वेळी सुमारे ८० टक्के रुग्ण यादृच्छिकपणे निवडून गट पाडण्याची क्रिया हजार वेळा करावी आणि कोणतेही दोन रुग्ण किती वेळा एकत्र आले याचा तक्ता काढावा. गट एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे मोजणारे सिल्हूट आणि गॅप हे निर्देशांकही सोबत पाहावेत. मात्र हे निर्देशांक मुख्यतः तीन गट चांगले की चार, एवढेच सांगतात. एक अखंड ढग कापून त्याचे तीन तुकडे केले, तरी ते पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर कापले जात असल्यामुळे गट स्थिर भासतात.

त्यामुळे शून्य-परीक्षा अनिवार्य मानावी. मूळ डेटातील घटकांची सरासरी व सहविचरण तंतोतंत तेवढेच ठेवून, पण कोणतेही गट नसलेला कृत्रिम डेटा बहुचल सामान्य वितरणातून तयार करावा, त्यावर जनुक-निवडीपासून गट-संख्येपर्यंतची सर्व प्रक्रिया पुन्हा चालवावी, आणि हे शेकडो वेळा करावे. मूळ डेटाचा सिल्हूट निर्देशांक या कृत्रिम निर्देशांकांच्या बहुतांश भागापेक्षा वर नसेल, तर स्वतंत्र गट असल्याचा पुरावा नाही.

ही भीती केवळ तात्त्विक नाही. सीओपीडीजीनच्या डेटावर २०१४ मध्ये कास्टाल्डी आणि सहकाऱ्यांनी चार गट मांडले होते: धुराला तुलनेने दाद न देणारे, फुप्फुसाच्या वरच्या भागात सौम्य एम्फिसीमा असलेले, मुख्यतः श्वासनलिकांचा विकार असलेले आणि तीव्र एम्फिसीमा असलेले. पुढे त्याच संशोधकाच्या नेतृत्वाखाली दहा स्वतंत्र अभ्यासांतील डेटावर गट पाडण्याच्या अनेक पद्धती तपासल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की गटांची पुनरावृत्ती माफकच होते, तर आजारातील वैविध्य कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदणाऱ्या सलग गुणधर्मांनी अधिक चांगले वर्णिले जाते. आपल्याच आधीच्या मांडणीची इतकी कठोर तपासणी करून ती जाहीर करणे हे या क्षेत्रातील मोलाचे काम आहे, आणि शून्य-परीक्षा अनुत्तीर्ण झाल्यावर काय करावे याचे उत्तरही त्यात आहे: गटांचा आग्रह सोडून प्रत्येक रुग्णाला दोन-तीन अक्षांवरचे गुण द्यावेत. एक रुग्ण एम्फिसीमाच्या अक्षावर वर आणि श्वासनलिकांच्या अक्षावर मध्यभागी असू शकतो, आणि डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवाशीही हे अधिक जुळते.

काळाचा विचार केला तर आणखी एक वाट दिसते. आज वेगळे दिसणारे दोन रुग्ण एकाच प्रवासाच्या वेगळ्या टप्प्यांवर असू शकतात. सस्टेन नावाची पद्धत उपप्रकार आणि टप्पा यांचा अंदाज एकाच वेळी बांधते. २०२० मध्ये ती सीओपीडीजीनच्या सीटी मापनांवर वापरली असता दोन वाटा दिसल्या: सुमारे ७० टक्के व्यक्तींत आधी ऊतींची हानी आणि मग श्वासनलिकांतील बदल, तर सुमारे ३० टक्क्यांत याच्या उलट क्रम.

सहावी पायरी: तीव्रता वेगळी काढणे

मिळालेले गट पुष्कळदा सौम्य, मध्यम आणि तीव्र असेच असतात. त्यांना उपप्रकार म्हणता येत नाही, कारण ते तर स्पायरोमीटरनेही सांगितले असते. म्हणून एफईव्ही१ ची (जोर लावून पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेची) पातळी जवळपास सारखी असलेले रुग्ण निवडून त्यांच्यातही गटांतील फरक टिकतो का हे पाहावे. पुढील मृत्यू, झटके किंवा फुप्फुसाच्या क्षमतेतील घट यांचा अंदाज बांधताना वय, लिंग, धूम्रपान आणि एफईव्ही१ आधीच मॉडेलमध्ये घ्यावेत, आणि गटाच्या भरीमुळे अंदाज सुधारतो का हे मोजावे. सुधारत नसेल, तर त्या गटाला वैद्यकीय उपयोग नाही असे स्पष्ट लिहावे.

सातवी पायरी: जैविक अर्थ लावणे

ज्या जनुकांवरून गट पाडले, त्याच जनुकांची गटागटांत तुलना करून अतिसूक्ष्म पी-मूल्ये छापणे ही या विषयातील सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. गट त्या जनुकांतील फरकावरच बेतलेले असल्यामुळे फरक सापडणे अटळ असते, आणि पूर्ण यादृच्छिक डेटातही तो सापडतो. असे फरक केवळ वर्णनासाठी द्यावेत. पुरावा म्हणून पहिल्या पायरीत बाजूला ठेवलेली मापने वापरावीत: जनुकांवरून गट पाडले असतील तर सीटी, प्रथिने किंवा जनुकीय प्रकारभेद पाहावेत. जन्मतः ठरलेले जनुकीय भेद येथे विशेष उपयोगी असतात, कारण ते आजारामुळे किंवा औषधामुळे बदलत नाहीत.

आठवी पायरी: दुसऱ्या संचात पडताळणी

आता बंद ठेवलेले संच उघडावेत. पडताळणी दोन प्रकारे करावी. पहिल्या प्रकारात प्रत्येक गटाचा मध्यबिंदू गोठवून नव्या रुग्णाला सर्वांत जवळच्या गटात टाकावे. दुसऱ्या प्रकारात नव्या संचात स्वतंत्रपणे गट पाडावेत आणि दोन्ही वर्गवारींतील एकवाक्यता समायोजित रँड निर्देशांकाने मोजावी, ज्यात केवळ योगायोगाने जुळलेल्या वर्गवारीचे मूल्य शून्याच्या आसपास आणि पूर्ण जुळणीचे १ असते.

येथे एक बारीक सापळा आहे. चिपवरील आणि सिक्वेन्सिंगमधील आकडे थेट तुलनीय नसल्यामुळे प्रत्येक संचातील जनुके त्या-त्या संचापुरती प्रमाणित करण्याची पद्धत आहे, परंतु दुसऱ्या संचात बहुतेक रुग्ण तीव्र आजाराचे असतील, तर त्यांची सरासरीच शून्य मानली जाते आणि त्यांच्यातील अर्धे रुग्ण चुकून सौम्य गटात ढकलले जातात. हे टाळण्यासाठी एकाच नमुन्यातील जनुकांच्या क्रमावर आधारलेले गुण वापरावेत. अशा गुणांना इतर रुग्णांची गरज नसते, त्यामुळे उद्या दवाखान्यात एकटा आलेला रुग्णही त्यात बसवता येतो.

भारतातील रुग्णांसाठी वेगळा विचार

वर आलेले सीओपीडीजीन आणि एक्लिप्स हे अभ्यास मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांभोवती रचलेले आहेत. पुण्यातील संशोधक डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवून दिले की जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, आणि चुलीतील लाकूड, गोवऱ्या व पिकांच्या अवशेषांचा धूर हे त्यामागचे मोठे कारण आहे. २०१६ मध्ये भारतात या आजाराचे सुमारे ५.५ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. मेक्सिकोतील स्त्रियांच्या सीटी अभ्यासात चुलीच्या धुराने आजारी झालेल्यांमध्ये एम्फिसीमा कमी आणि अडकलेली हवा जास्त आढळली, म्हणजे श्वासनलिकांचा भाग अधिक ग्रासलेला दिसला. सिगारेटच्या डेटावर शिकवलेला वर्गीकार आपल्याकडच्या अशा स्त्रीलाही कुठल्यातरी एका गटात टाकेलच, कारण बाहेर ठेवण्याचा पर्याय त्याला दिलेला नसतो. म्हणून वर्गीकारात जवळच्या गटापासूनच्या अंतराची मर्यादा ठरवावी आणि त्यापलीकडच्या रुग्णाला वर्गीकरण शक्य नाही असेच उत्तर द्यावे. असे रुग्ण किती निघाले, हा आकडा अहवालात ठळकपणे द्यावा.

आपल्याकडे नव्याने डेटा गोळा करणाऱ्या रुग्णालयांनी आणि महाविद्यालयांनी पॅक-वर्षांच्या रकान्याशेजारी स्वयंपाकाचे इंधन, चुलीसमोर घालवलेली वर्षे, स्वयंपाकघरातील हवेची ये-जा, पूर्वी झालेला क्षयरोग, बालपणीचे श्वसनविकार आणि शेतात, गिरणीत किंवा खाणीत केलेले काम यांचे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत. क्षयरोगानंतरचा श्वासरोध श्वासचाचणीत सीओपीडीसारखाच दिसू शकतो, त्यामुळे तो रकाना रिकामा असेल तर पुढे सापडणाऱ्या एखाद्या गटाचे मूळ कायमचे संदिग्ध राहील. रक्ताचा नमुना झटक्याच्या काळात घेतला की रुग्ण स्थिर असताना, शेवटचे स्टेरॉइड केव्हा घेतले, आणि नमुना गोठवण्यापूर्वी किती वेळ बाहेर राहिला, या तीन नोंदीही प्रत्येक नळीबरोबर असाव्यात.